काशिरामचं आवतण

पाहुण्यांनी पनवेल घेतलं त्याला दोन वर्षं झाली होती, आणि आमच्या कोळीवाड्याला सगळ्यात जास्त राग कशाचा होता, तर हळद दुपारी उरकावी लागते याचा. महिन्याला घरटी एक बाटली रक्त द्यायला लोक शिकले. मावळतीला भोंगा वाजला की दारं लावायला शिकले. पण हळद म्हणजे रात्रभर बॅंजो, पहाटेपर्यंत नाच, सकाळी कुणाच्या चपला कुणाच्या पायात. ती दुपारी दोन वाजता डोक्यावर ऊन घेऊन घड्याळाकडे बघत करायची, हे काही केल्या आमच्या पचनी पडेना.

पाहुणे हे नाव आम्हीच दिलेलं. दोन हजार अकराच्या नोव्हेंबरात ते आले आणि तीन रात्रींत खाडीपासून हायवेपर्यंत सगळं त्यांचं झालं. बाहेर सांगितलं गेलं की पनवेलला साथ आहे, म्हणून रस्ते बंद. दिवसा ते उलव्याच्या अर्धवट टॉवरांच्या तळघरात झोपतात, जिथे लोकांच्या गाड्या लागायच्या होत्या. रात्री राज्य करतात. त्यांच्यातल्या मोठ्याचं नाव उदयसिंह. नाव ठेवताना आईबापांना तरी काय कल्पना. जे विरोध करतील त्यांचं रक्त ते पितात, आणि त्यातले काही मरतात, काही तिसऱ्या रात्री उठून त्यांच्यातलेच होतात. त्यांना एकच गोष्ट जमत नाही. घरातून कुणी बोलावल्याशिवाय त्यांना उंबरा ओलांडता येत नाही. मात्र एकदा बोलावलं की ते परत घेता येत नाही. ज्याला बोलावलं तो त्या घरात कधीही येणार. म्हणून पाहुणे.

मी धवलारीण. आमच्या लग्नांत धवले म्हणते, म्हणजे गाण्यातून सगळे विधी लावते. मला कुणी बसवून शिकवलं नाही, दुसऱ्यांच्या लग्नात भांडी घासत ऐकलं आणि डोक्यात राहिलं. हळदीला माझं मुख्य काम आवतणाचं. गावदेवीला बोलवायचं, खाडीला बोलवायचं, शिवेवरच्या देवाला बोलवायचं, आणि मग त्या घरातले जेवढे मेले असतील तेवढ्यांना नाव घेऊन आत बोलवायचं, पाटावर बसवायचं, वाढायचं. लग्न लागलं की त्यांची बोळवण करायची. यातलं काहीही एकटीला होत नाही. मी ओळ टाकते, घरच्या बायांनी ती झेलायची. ज्या ओळीला झेल मिळाली नाही ती तशीच पडते, तिचा कुणाला उपयोग नाही.

हे सगळं सांगायचं कारण रंभा.

हळदीच्या चार दिवस आधी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. मी सुकट निवडत होते. तिच्या कीर्तीचं आपट्याच्या मिथुनशी ठरलं होतं. पोरगा पाताळगंगेवर मासे मारतो, दात सरळ आहेत, दिवसाउजेडी हिंडतो. हल्ली सोयरीक करताना लोक याच्यापुढे फारसं विचारत नाहीत.

"भामाबाय, पितरांची नावं सांगतंय, ध्यानात ठेव," ती म्हणाली, आणि सासऱ्यापासून सुरुवात केली. सासरा, सासू, आजेसासरा, पटकीत गेलेले दोन दीर, एक नणंद. शेवटी म्हणाली, "आनि काशिराम."

मी सुकट निवडतच राहिले. "त्याचं कशाला?"

"का? मेला ना त्यो."

काशिराम तिचा नवरा. पाहुणे आले त्या पहिल्या रात्री भरतीला जाळं घेऊन खाडीत गेला होता. सकाळी होडी मिळाली, जाळं मिळालं, माणूस मिळाला नाही. रंभा कधी कुणासमोर रडली नाही आणि कुंकूही पुसलं नाही. बाया दोन्हीबद्दल बोलल्या.

आता माझी अडचण सांगते. काशिरामला मी पाहिलं होतं. सहा महिन्यांमागे समाजमंदिरात रक्त द्यायला गेले, रांग लांबली, सुई टोचली तेव्हाच भोंगा वाजला. बाटल्या न्यायला त्यांची माणसं आली, त्यांत तो. तोच रुंद खांदा, तीच तुटकी करंगळी. अंगाला उजेड नसल्यासारखा. माझ्या दंडावरचा कापूस सरकला होता, तो त्याने नीट बसवला. "दाबून धर," म्हणाला, आणि बाटल्या उचलून गेला. मी घरापर्यंत धावले. पाहुण्याने मला धरलं नाही, उलट कापूस बसवला, याचीच मला जास्त भीती वाटली. कुणाला सांगितलं नाही. रंभाला काय सांगणार?

"बगू," मी म्हटलं.

"बगू काय? एक जरी नाव राह्यलं तं त्यो दारात अडून बसतो न् लगीन धड होत नाय. तूच सांगतेस ना सगल्यांना?"

मीच सांगते. वीस वर्षं सांगत आले.

पुढच्या चार रात्री मला झोप नाही. उठायचं, पाणी प्यायचं, खिडकीला कान लावायचा, परत आडवं व्हायचं. नाव घेतलं तर काशिरामला आत यायची वाट मोकळी, आणि आत हळद लागलेली पोरगी. हळद लागल्यावर नवरीला घर सोडता येत नाही, तिला दुसऱ्या कुणाकडे नेऊन ठेवणंही रीतीत बसत नाही. नाव नाही घेतलं तर रंभा विचारणार का, आणि मला खोटं बोलता येतं, पण रंभाशी नाही. लहानपणी एका ताटात जेवलोय आम्ही.

शेवटी ठरवलं, नाव गिळायचं. नणंदेच्या नावावरून घाईघाईने पुढच्या ओळीवर जायचं. मांडवात गोंधळ असतो, कुणाच्या लक्षात येणार?

हळदीच्या दिवशी दुपारी मांडवात दीडशे माणसं. बॅंजोवाल्याला चारला निघायचं होतं म्हणून तो सगळी गाणी दुप्पट वेगाने वाजवत होता, आणि म्हाताऱ्या बाया त्या वेगाने नाचून धापा टाकत होत्या. आत देवघरासमोर मी, रंभा, आणि झेल धरायला पाच सवाष्णी. कीर्ती कोपराच्या वरपर्यंत पिवळी.

मी गावदेवीला बोलावलं. खाडीला बोलावलं. सासरा, सासू, आजेसासरा. बाया झेलत होत्या, आवाज छान लागला होता. दीर, दुसरा दीर, नणंद, आणि मी श्वास न घेता पुढची ओळ धरली.

"एक राह्यला," रंभा म्हणाली.

बाया थांबल्या. मी म्हटलं, "पानी दे गो जरा, घसा सुकला," आणि उठून मागच्या दारी गेले. रंभा तांब्या घेऊन मागे आली. मागे जाळी वाळत होती, ऊन होतं, तिथे कुणी नव्हतं.

"रंभे, त्यो मेलेला नाय," मी म्हटलं. "त्यो त्यांच्यातला झालाय. मी बगितला त्याला."

तिने तांब्या खाली ठेवला. "माला म्हाईत हाय."

मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही.

"रोज येतो. हितंच." तिने दारासमोरची फरशी दाखवली. "भोंगा झाला की घटकाभरानं येतो. मी दाराच्या आत बसतंय, त्यो भायेर उभा. इचारतो, आज काय केलंस? मी सांगतंय, बोंबलाचं कालवण, नायतं कोलंबी. मीठ बरोबर पडलं का, इचारतो. मंग जातो."

"दोन वर्सं?"

"दोन वर्सं. एक डाव पन आत घे म्हनला नाय." ती जाळ्याची गाठ उगाच सोडत, बांधत होती. "परवा म्हनला, पोरीची हलद कवा? मी म्हनलं, बुधवारी. भामाबाय, बाप हाय तो. ती जाईल आपट्याला, मंग कवा बगनार?"

"अगो येडे, आत आलेला मंग कायमचा येनार. आज बाप म्हनून येईल, उद्या भूक लागल म्हनून येईल."

"आजवर लागली नाय का त्याला भूक?"

एवढ्यात दारात कीर्ती उभी दिसली. हात अंगापासून लांब धरलेले, साडीला हळद लागू नये म्हणून.

"आईला वाटतं मला माहीत नाय," ती मला म्हणाली. "भिंत एवढीशी. रोज ऐकते मी. मीठ बरोबर पडलं का." ती हसली. "घ्या ना नाव, मावशी. नाय घेतलं तरी तो येऊन मागच्या दारातच बसणार हाय. पण तुमी इथंच थांबा आज. जाऊ नका."

मी नाव घेतलं. माझ्या मनात काय होतं तेही सांगते, कारण रंभाला ते मी तेव्हा सांगितलं नाही. बोलावलेल्याची बोळवण धवलारीणच करते. आजवर मी शेकडो पितरांना बोलावलं आणि बोळवलं, ते मांडवातून उठून जिथून आले तिथे गेले, असं आम्ही धरतो. बघितलं कुणी? पण काशिराम पितर म्हणून येणार असेल, तर त्याला पितरासारखं बसावं लागेल आणि पितरासारखं उठावंही लागेल. लागेल की नाही, मला माहीत नव्हतं. जवळ दुसरं काही नव्हतं.

पाच बायांनी काशिरामचं नाव झेललं. दोघींचे आवाज फाटले.

चारला बॅंजो गेला, पाचपर्यंत माणसं गेली. डिसेंबरचा दिवस, सहाच्या आधीच भोंगा झाला. घरात रंभा, कीर्ती, मी आणि पाच सवाष्णी. नवरीला एकटं ठेवायचं नसतं म्हणून त्या राहिल्या, पण सगळ्या भिंतीला चिकटून. पितरांच्या ओळीत पाट मांडलेले, पुढे केळीची पानं, भात, बोंबलाचं कालवण, छोट्या पेल्यांत ताडी. बाकीचे पितर आले असतील तर नेहमीसारखे आले, म्हणजे दिसले नाहीत.

मागच्या दारी कडी वाजली नाही, काही नाही. रंभाने दार उघडलं तेव्हा तो फरशीवर उभा होता.

"काय केलंस आज?" त्याने विचारलं.

"ये न् बग," रंभा म्हणाली.

त्याने पाय उचलला. उंबऱ्यावर तो थांबला, गरम पाण्यात पाय घालताना माणूस थांबतो तसा. मग आत आला. एक सवाष्ण पुटपुटत भिंतीकडे तोंड करून बसली. तो कुणाकडे न बघता सरळ शेवटच्या पाटापाशी गेला आणि मांडी घालून बसला. पाट कुठला ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या जिवात थोडा जीव आला.

रंभाने कालवण वाढलं. त्याने पानावर वाकून वास घेतला, डोळे मिटले. घास मात्र उचलला नाही.

"मीठ बरोबर हाय," तो म्हणाला.

"न खाता कसं कलतं रं तुला?" रंभाने टोमणा मारला. नव्या नवरीसारखी दिसत होती ती. पन्नाशीची बाई, कमरेला पदर खोचलेला, आणि चेहरा असा. मला तिच्याकडे बघवेना.

कीर्ती पुढे आली आणि त्याच्यासमोर बसली. हळदीची वाटी मध्ये. त्याने बोटं बुडवली आणि रीतीप्रमाणे लावायला लागला. पाय, गुडघे, खांदे.

"बाबा, हात किती थंड हाय तुमचा."

"खाडीत असतंय ना," तो म्हणाला. तिला हसवायला म्हणाला, पूर्वी असाच बोलायचा.

मग गालाला लावली. मग बोटं गालावरून मानेवर आली आणि तिथे थांबली. कीर्तीची शीर उडत होती, मला लांबून दिसत होती. त्याची मान हळूहळू खाली यायला लागली. चेहरा बापाचाच होता, फक्त तोंड त्याचं राहिलं नव्हतं. ओठ मागे गेले. कीर्ती हलली नाही, पण तिने डोळे फिरवून माझ्याकडे पाहिलं.

लग्न लागायची वाट न बघता मी बोळवणीची पहिली ओळ टाकली.

कुणी झेलली नाही. बायांची तोंडं उघडी, आवाज नाही. त्या रंभाकडे बघत होत्या. घर तिचं, माणूस तिचा. तिने झेल धरल्याशिवाय त्या कशा धरणार?

"नको गो," रंभा मला म्हणाली. "आत्ता तं आलाय. जेवला पन नाय अजून."

"रंभे, पोरीकडं बग."

"त्यो काय नाय करनार. दोन वर्सं केलं नाय त्यानं."

मी ओळ परत टाकली. परत पडली. काशिरामचं तोंड कीर्तीच्या मानेपासून चार बोटांवर आलं होतं आणि त्याचा तो हात, तुटक्या करंगळीचा, जमिनीवर पंजा रोवून मागे रेटत होता. अंगाचा एक भाग पुढे जात होता आणि एक भाग त्याला ओढत होता. पाटाच्या फळीला चर्र आवाज झाला. पाटावरून उठता येत नव्हतं त्याला, पण पोरगी हाताच्या अंतरावरच होती. आम्हीच बसवली होती तिला तिथे.

मी तिसऱ्यांदा ओळ टाकली.

"रंभे," काशिराम म्हणाला. दातांमुळे शब्द नीट येत नव्हते. "झेल धर गो. माज्यानं व्हत नाय आता."

रंभा उभी राहिली. तिने एकदा त्याच्या पानाकडे बघितलं, भाताला कुणी हात लावलेला नव्हता. मग तिने झेल धरली. सूर कुठलाच नव्हता त्यात, बाजारात गिऱ्हाईकाला हाक मारावी तसा कोरडा आवाज. पण ओळ उचलली गेली. लगेच बाकीच्या पाच जणी तुटून पडल्या, ज्या भिंतीकडे तोंड करून बसली होती तीसुद्धा.

त्याचं तोंड मिटलं. गाण्यात जसं सांगितलेलं असतं तसं त्याने केलं. मी म्हटलं हात धू, त्याने तांब्याखाली हात धुतले, रंभाने पाणी घातलं. मी म्हटलं घराकडे बघ, त्याने बघितलं. मी म्हटलं मुलीच्या डोक्यावर हात ठेव, त्याने ठेवला. मी म्हटलं पुढल्या दाराने जा. बोळवण पुढल्या दारानेच होते, खाडीच्या दिशेने.

"कालवण झाकून ठेव," जाताना तो रंभाला म्हणाला. "मांजर येतं."

गल्लीत तो सात-आठ पावलं चालला. ओहोटीला चिखलावरची चकाकी जाते ना, आधी आहे आहे वाटतं आणि मग नुसता चिखल राहतो, तसं झालं. आम्ही गात होतो. गाणं संपलं तेव्हा गल्ली रिकामी होती.

रंभा दाराच्या चौकटीला धरून उभी. मी जवळ गेले तर तिने माझा हात झटकला.

"तुला म्हाईत होतं त्यो कायमचा जाईल," ती म्हणाली. "आवतण देतानाच."

"खात्री नव्हती."

"माला सांगायचंस."

"सांगितलं असतं तं तू नाव घेऊ दिलं असतंस?"

आत जाऊन कीर्तीच्या मानेवरची हळद तिने पदराने पुसली, नीट बघितलं, कुठे काही नाही ना, परत बघितलं, आणि मग तीच पुसलेली हळद परत लावली. कीर्ती आता रडत होती. मायलेकी तिथेच पाटांच्या ओळीत बसल्या.

मी दार लावायला गेले, आणि गल्लीत तिघं उभी होती.

पाहुणे. काशिराम उंबरा ओलांडून आत गेला ते त्यांनी पाहिलं असणार. बाहेर आला तेही. दोघे मागे, सावलीत. पुढे एक पोरगी, बावीस-तेवीसची, अंगात कारखान्याचा निळा कोट, खिशावर नावाची पट्टी अजून तशीच: स्नेहा. तळोज्याच्या कुठल्याशा कारखान्यातून, दुसऱ्या पाळीवरून उचललेली असणार. उंबऱ्यापासून हातभर लांब ती थांबली.

"आमचा माणूस कुठं गेला?" तिने विचारलं.

मागून रंभाचा आवाज आला. "आमचा होता. घरात आला, हलद लावली, गेला. तुमाला काय करायचंय?"

"उलव्याला जाऊन सांगावं लागेल आम्हाला. विचारतील."

"सांग जा. तुज्या त्या उदयसिंहाला सांग, रंभानं नवऱ्याला बोलवला न् रंभानंच धाडला."

ती पोरगी गेली नाही. मागच्या दोघांकडे तिने एकदा वळून बघितलं. मग आवाज खाली आणून मला म्हणाली, "मावशी, त्याला दुखलं का?"

"नाय वाटत," मी म्हटलं. "मांजराचं सांगून गेला."

"आम्ही कोळी नाही. गाव पाथर्डीकडं. आई, बहीण इथं तळोज्यालाच राहतात." ती बोलता बोलता थांबायची, जणू शब्द कुठे ठेवलेत ते शोधत होती. "तुमचं ते गाणं फक्त कोळ्यांनाच लागू पडतं का?"

तो डाव होता की खरं होतं, मला कळलं नाही. आजही रात्री उठून बसते तेव्हा त्याचाच विचार करते. त्यांना घरात शिरायची नवी वाट हवी असेल, त्यासाठी एखादी गरीब चेहऱ्याची पोरगी पुढे करणं काही अवघड नाही. एका घरात झालं ते दुसऱ्या घरात होईलच असंही नाही. त्या घरात झेल धरायला रंभा नसणार. मी दार लावून घ्यायला हवं होतं. हात कडीवर होता.

"घरी कोनाचं लगीन हाय का गो?" मी विचारलं.

"बहिणीचं. समृद्धीचं. मे महिन्यात, असं ऐकलंय." मग म्हणाली, "खिडकीतून ऐकलं."

रंभा माझ्या बाजूला येऊन उभी राहिली होती. डोळे कोरडे, पदर हळदीने पिवळा.

"पुरं नाव सांग," ती पोरीला म्हणाली. "बापाचं पन. धवलारणीला पुरं लागतं."

पोरीने सांगितलं. रंभाने ते मोठ्याने म्हणून दाखवलं, बरोबर आहे का विचारलं. तेव्हा मागे सावलीत उभे असलेले दोघे एक पाऊल पुढे आले, आणि त्यातला एक घसा खाकरून आपलं नाव सांगायला लागला.